कचकच

१

कचऱ्याची गाडी इमारतीच्या फाटकातून निम्मी बाहेर पडली आणि तिच्या पोटात काहीतरी फुटलं. आधी फुस्स असा आवाज, मग पांढरा धूर, मग ज्वाळा. कचरा दाबणारी लोखंडी फळी तेव्हा खाली येत होती. मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईने उडी मारून पळ काढला असता, तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. पण फाटकाशी शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं उभी होती. तिने बटण दाबून फळी थांबवली, आत हात घातले आणि पेटलेली पिशवी ओढून रस्त्याच्या मोकळ्या बाजूला भिरकावली.

पोरं वाचली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

यावर त्या इमारतीने काय केलं, तर तिच्यावरच चोरीचा आळ घेतला.

मी विमा कंपनीची पाहणीदार. आग विझली की माझं काम सुरू होतं. राखेत उकिडवं बसायचं, माणसांना नको ते प्रश्न विचारायचे आणि आग कशी लागली ते लिहायचं. माझ्या टेबलावर इमारतीच्या सेक्रेटरींचा तक्रार अर्ज होता. त्यांचं म्हणणं, ही बाई लोकांच्या कचऱ्यातले जुने फोन चोरून जमवते आणि विकते, तसाच एक फोन गाडीत फुटला. पिशव्या चाचपताना तिला लोकांनी रोज पाहिलं आहे. आणि खाली एक वाक्य होतं, ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली: 'चोरीचा माल वाचवण्यासाठीच तिने आगीत हात घातले असावेत.'

आमचे साहेब म्हणाले, "सरळ प्रकरण आहे. स्वतःच्या चोरीतून झालेल्या इजेला विमा लागू होत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत लिहून मोकळ्या व्हा."

"हातांवर शस्त्रक्रिया व्हायची आहे, साहेब. याच आठवड्यात झाली नाही तर बोटं आखडतील, असं डॉक्टर म्हणतात."

"म्हणून तर लवकर लिहा," साहेब म्हणाले. हा माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं लवकर हवं असतं.

मी कचऱ्याच्या गाड्यांच्या आगारात गेले. चालकाने पिशवीतलं जे काही उरलं होतं ते बादलीत भरून ठेवलं होतं. फोनची वाकडी चौकट होती, काच वितळून तिला चिकटली होती. भाजीची काळी सालं होती. आणि त्या सगळ्याला लगडलेले पांढरे, गुळगुळीत, बारीक दाणे होते. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली, थोडे दाणे रुमालात बांधून घेतले.

"वाळू कोणी टाकली हो आगीवर?"

चालक माझ्याकडे बघत राहिला. "वाळू? वॉचमनने पाणी मारलं, मॅडम. मीही पाणीच मारलं. वाळू होती कुठे तिथे?"

"पिशवी याच इमारतीची?"

"आमच्या फेरीतली पहिलीच इमारत ती. दुसऱ्या कोणाचा कचरा गाडीत नव्हताच."

म्हणजे वाळू विझवायला आली नव्हती. ती पिशवीतूनच आली होती, फोनच्या सोबतीने.

२

इमारतीच्या दारात पितळी पाटी होती: 'हरित इमारत'. पाटी इतकी घासलेली की मला तिच्यात माझी विस्कटलेली वेणी दिसली. जिन्याखाली लाल पेटी होती. 'जुने सेल, बॅटऱ्या येथे टाका.' त्याखाली बारीक अक्षरांत: 'फुगलेल्या बॅटऱ्या व फोन यात टाकू नयेत. कोरड्या वाळूत ठेवून खालील क्रमांकावर कळवावे.' पुढे क्रमांक. हाच मजकूर लिफ्टमध्येही चिकटवलेला होता, म्हणजे वाळूचं शास्त्र इथे शेंबड्या पोरालाही पाठ असणार.

सेक्रेटरी गोड माणूस निघाले. गोड माणसांशी बोलताना मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसते.

"मॅडम, आम्ही पर्यावरणाच्या बाबतीत फार काटेकोर आहोत," ते म्हणाले. "त्या दिवशी तर सकाळी तपासणी पथक यायचं होतं, पाटीचं नूतनीकरण होतं. आणि नेमकी ही बाई फाटकात आग लावते! सगळं मुसळ केरात गेलं."

"तपासणी झाली का मग?"

"झाली, पुढल्या दिवशी. पाटी राहिली."

"वा. हात गेले, पण पाटी राहिली."

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं. "तिचं ते पिशव्या हलवणं बघितलंय का तुम्ही? शिट्टी वाजवते, सगळे खाली येतात, आणि ही एकेक पिशवी कानाशी धरून खुळखुळवते. काही वाजलं की पिशवी परत! सगळ्यांसमोर! 'ओल्यात बाटली आहे, ओल्यात डबा आहे.' रोजची कचकच. मला स्वतःला दोनदा परत पाठवलंय. आता कळलं, ती माल शोधत होती."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मनमोकळ्या बाई. निळ्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडून त्यांनी माझ्यापुढे बिस्किटं धरली. झाकणावर बग्गीला जुंपलेले दोन पांढरे घोडे होते.

"घ्या ना. घरचीच आहेत. त्या बाईचं कसं आहे आता? माझं मन लागत नाही हो."

"वहिनी तशा हळव्या आहेत," सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, स्वतःच्याच बायकोला वहिनी म्हणत. सोसायटीच्या कामात मुरलेला माणूस.

मी बिस्किट तोंडात टाकलं. दाताखाली जरा कचकचलं. साखर जाड असेल, असं वाटून मी चहाचा घोट घेतला.

"फुगलेला फोन घेऊन कोणी तुमच्याकडे आलं होतं का अलीकडे?"

"छे!" त्यांनी इतक्या झटकन हात हलवला की चहा बशीत सांडला. "तसं काही असेल तर खालच्या मोबाईलवाल्याला विचारा. तिचा माल तोच घेत असणार. त्याच्या दुकानात वाळूची बादली आहे. जाऊन बघा."

वाळूचा विषय मी काढला नव्हता. पण त्यांच्या लिफ्टमध्ये तो चिकटवलेला होता, तेव्हा एवढ्यावरून माणूस पकडता येत नाही. मी उठले.

३

दुकानाआधी मी दवाखान्यात गेले. आरोपीला सगळ्यात शेवटी विचारायचं ही पद्धत माझ्या डोक्यात कधी शिरली नाही.

तिला सगळे शिट्टी म्हणतात. पन्नाशीची, काटक, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेले. शिट्टी गळ्यातच होती.

"काढू देत नाही ही," तिची सून म्हणाली. ती तिला डाळभात भरवत होती.

"काढून ठेवली तर कोण घालणार परत? तू घालशील आणि गाठ ढिली मारशील." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही विम्याच्या ना? लिहा. मी चोर नाही. लिहिलंत?"

"अजून नाही."

"मग कशाला आलात?"

मला ही बाई आवडली. मी स्टूल ओढलं. "ती पिशवी तुम्ही हलवली होती?"

"हलवली म्हणजे? सगळ्या हलवते. ओल्यात पत्रा, काच, सेल, काय काय कोंबतात लोक. पूर्वी एकीचा हात कापलाय काचेने. तेव्हापासून मी कान लावल्याशिवाय पिशवी आत टाकत नाही. वाजली की परत. लोक तोंडं वाकडी करतात. करू देत, मला काय त्यांच्यात सोयरीक जमवायची आहे?"

"मग ही का नाही परत केलीत?"

तिने पुढे आलेला घास मानेनेच नाकारला.

"वाजली नाही ती," ती म्हणाली. "तेच कळत नाही मला. जड होती. इतकी जड की वाटलं, कोणीतरी कलिंगडाची सालं भरली आहेत. खुळखुळवली, तर आतून नुसतं सरसरलं. फोन असता तर ठक्क वाजला असता. माझा कान चुकत नाही, बाई. आजवर चुकला नाही. तिथे फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. कोणी ठेवली ते बघितलं नाही, सगळे तिथेच ठेवतात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हते, आणि सुनेने पदर पुढे केला तर तिने मान फिरवली.

"चोर म्हणाले ते एक वेळ सोसेन," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पण हलवून बघितली होती मी."

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले, कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती. वाळूमुळे पिशवी वाजली नाही. शिट्टी स्वतः चोर असती, तर वाळू घालून फसवायचं कोणाला होतं? स्वतःच्याच कानाला?

ती पिशवी भरणाऱ्याला हा कान ठाऊक होता. आणि त्याने तो बंद करून टाकला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. वर पाटी होती: 'मोबाईल डॉक्टर'. आत तिशीचा एक माणूस डोळ्याला भिंग लावून एका फोनचं आतडं बाहेर काढत होता. टेबलाखाली खरंच वाळूची बादली होती.

"ही कशाला?"

"फुगलेले येतात ना कधीकधी. उघडताना धूर सुटला तर सरळ वाळूत." त्याने भिंग वर केलं. "तुम्ही त्या आगीच्या. मला माहीतच होतं माझ्यावर येणार. सेक्रेटरींनी पाठवलं ना? त्यांच्या जावयाच्या फोनला मी पैसे लावले तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यात सलतोय."

मी बादलीतली मूठभर वाळू उचलली. तपकिरी, खरखरीत, बांधकामाची वाळू. मधूनच विटेचे तुकडे. मी माझ्या रुमालातली पांढरी चिमूट शेजारी ठेवली. आंधळ्यालाही फरक कळला असता.

"शिट्टीकडून जुने फोन घेता?"

"ती मला विकेल?" तो हसला. "अहो, मीच एकदा ओल्या कचऱ्यात चार्जर टाकला होता. तिने भर चौकात माझी अशी काढली की आठवडाभर मी मागच्या दाराने येत-जात होतो. ती चोर असेल तर मी खरंच डॉक्टर."

"मग सांगा, या इमारतीतलं कोणी फुगलेला फोन घेऊन तुमच्याकडे आलं होतं?"

त्याने भिंग परत डोळ्याला लावलं. बघत मात्र कशाकडेच नव्हता.

"आलं होतं," मी म्हणाले. "आणि तुम्ही हात वर केलेत."

"मी काय करू, मॅडम?" तो उसळला. "रोज कोणी ना कोणी येतं. विकणारा म्हणतो आम्ही परत घेत नाही, पेटी म्हणते यात टाकू नका, आणि सगळे माझ्या गळ्यात मारायला बघतात. माझं दुकान एवढंसं. रात्री पेटलं तर? मी सांगितलं, वाळूत ठेवा आणि सेक्रेटरींना भेटा. खोटं सांगितलं का?"

"खोटं नाही. कोणाला सांगितलं?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना," तो पुटपुटला. "पण त्यांना काही बोलू नका. बायकोचा फोन होता तो."

५

आजोबा पूर्वी बस चालवायचे. दार उघडताना त्यांनी आधी उजवीकडे मग डावीकडे पाहिलं, सवयीने. घरात एकटेच. खिडकीशी माशांची काचेची पेटी होती. आत तीन मासे फिरत होते आणि पेटीचा तळ उघडा होता, नुसती काच.

"मासे बिचकलेत," मी पेटीकडे बघत म्हणाले.

"तळ गेला ना त्यांचा. खाली बघितलं की स्वतःचंच तोंड दिसतं." आजोबा खुर्चीत टेकले. "वाळू हवी होती. कोरडी हवी असं लिहिलंय लिफ्टमध्ये. मग पेटीतली काढली, धुतली, गच्चीत वाळवली. उन्हात चांगली कडकडीत केली."

पांढरी, गुळगुळीत, बारीक वाळू. माझा शोध संपला होता आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

"फोन आजींचा होता?"

"हिचा. ही गेल्यावर मी तो बंद पडू दिला नाही. सारखा चार्जिंगला. हिचा आवाज होता त्यात, 'येताना कोथिंबीर आणा' असलं काहीबाही. मुलीने आवाज दुसरीकडे उतरवून दिला, तरी तो फोन काढवेना. मग एक दिवस काचच वर आली, पोटुशी बाई दिसावी तसा दिसायला लागला. मी घाबरलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. "का हो? तुम्ही फोनचं का विचारताय? मी नीट दिला होता. मी कचऱ्यात टाकला नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. आणि खरंच माहीत होतं. एका फोनसाठी गच्चीत वाळू वाळत घालणारा माणूस तो ओल्या कचऱ्यात टाकणार नाही. "कोणाला दिलात? कशात?"

"हिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात. खाली वाळू, मध्ये फोन, वर वाळू. झाकण नुसतं ठेवलं, दाबलं नाही. आणि सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, 'आजोबांचा आदर्श घ्या' म्हणाले. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"डबा कसा होता, आजोबा?"

"निळा. झाकणावर बग्गी आणि दोन पांढरे घोडे. आणि तळाला हिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. ही सगळ्याच डब्यांना लावायची. शेजारी गेलेला डबा परत यायला हवा ना."

माझ्या दाताखाली पुन्हा कचकचलं.

६

वर जाण्याआधी मी जिन्याखाली थांबले आणि लाल पेटीवरचा क्रमांक लावला. मला वाटलं होतं, कोणी उचलणारच नाही, मग निदान त्या यंत्रणेवर तरी तोंडसुख घेता येईल. पलीकडून पहिल्याच घंटीला आवाज आला.

"फुगलेला फोन आहे," मी म्हणाले.

"कोरड्या वाळूत ठेवा, ताई. बंद कपाटात नको. पत्ता सांगा, उद्या गाडी येईल. आमची माणसं वेगळ्या पेटीतून नेतात."

मी पत्ता सांगितला. "पैसे?"

"पैसे कसले? तुमच्या इमारतीचा करार आहे ना."

"या इमारतीतून शेवटचा फोन कधी आला होता तुम्हाला?"

तो जरा वेळ काहीतरी चाळत असावा. "या इमारतीतून? एकदाही नाही, ताई. आम्हाला फार कोणी फोन करत नाही."

मी पायऱ्या चढत गेले ते रागानेच. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. आजोबांना आणि मोबाईल डॉक्टरला मी बरोबर घेतलं होतं.

सेक्रेटरींनी दार उघडलं आणि आजोबांना पाहून त्यांचं हसू ओठांवरच अडकलं.

"वहिनी," मी आत हाक मारली, "कालच्या बिस्किटांची आठवण काढत आले. मिळतील का?"

"हो तर!" त्या हौसेने डबा घेऊन आल्या. आजोबा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बायकोच्या वस्तूकडे माणूस कसा बघतो ते मी बघितलं आहे, पण दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बिस्किटं भरलेल्या अवस्थेत ती समोर आल्यावर तो कसा बघतो, ते त्या दिवशी पाहिलं.

"सुंदर डबा आहे. कुठून आणलात?"

"अहो, आमच्या गॅलरीत रिकामा पडला होता. आगीच्या दिवशीच सापडला. इतका छान डबा, मी म्हटलं हे टाकतील, म्हणून पुसून घेतला." त्या नवऱ्याकडे बघून हसल्या. "यांना काही कळत नाही घरातलं."

"तू तो डबा..." सेक्रेटरी म्हणाले.

मी बिस्किटं ताटलीत काढली. डबा पालथा केला. तळाला लाल ठिपका होता. मग टेबलावर माझा रुमाल पसरला, डब्याचा काठ जिथे दुमडलेला असतो तिथे चमच्याने टकटक केलं. रुमालावर चार-सहा दाणे पडले. पांढरे, गुळगुळीत, बारीक.

"कोरड्या फडक्याने पुसला ना, वहिनी?"

त्यांनी नुसती मान हलवली.

"आता ऐका," मी म्हणाले. "फोन पिशवीत वाळूसकट गेला. म्हणजे टाकणाऱ्याला तो धोकादायक आहे हे ठाऊक होतं. न कळता झालेली चूक ही नव्हे. मोबाईलवाल्याची वाळू वेगळी. ही वाळू आजोबांच्या माशांची. पण आजोबांनी फोन डब्यात घालून दिला होता, आणि पिशवीत पत्रा नव्हता. कोणीतरी डबा काढून घेतला आणि आतलं तसंच ओल्या कचऱ्यात ओतलं. का? कारण डबा वाजतो. शिट्टी पिशवी कानाशी धरते, आणि ज्याची पिशवी सगळ्यांसमोर दोनदा परत आली आहे त्याला हे पक्कं माहीत असतं. तपासणी पथक येणार होतं, फुगलेला फोन घरात नको होता आणि लाल पेटीवरच्या क्रमांकावर कळवायचाही कंटाळा होता. बरोबर ना, सेक्रेटरी?"

वहिनी नवऱ्याकडे अशा बघत होत्या जणू तो नुकताच कुठल्याशा परक्या घरातून आत आला आहे.

"मला त्या बॅटऱ्या नेणाऱ्या लोकांशी हुज्जत नको होती," ते म्हणाले. "ती माणसं शंभर प्रश्न विचारतात. आणि पथकाने विचारलं असतं, घातक वस्तू किती दिवस ठेवली. फोनला हात लावायची भीती वाटली, म्हणून डबा तसाच पिशवीत पालथा केला. पण मॅडम, वाळू होती ना! वाळूत म्हणजे सुरक्षित, असं त्यांनीच लिहिलंय."

"सुरक्षित होता?"

"हो!"

"मग घरात का नाही ठेवलात?"

ते दाराकडे बघायला लागले.

"तुमच्या हाताला भीती वाटली," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "म्हणून तुम्ही तिचे हात वापरलेत. आणि तिने पोरांसाठी आगीत हात घातले, तर तुम्ही लिहिलंत की ती माल वाचवत होती. त्या पोरांत तुमची नात होती, वॉचमनने सांगितलं मला. ते लिहायचं राहिलं वाटतं अर्जात."

वहिनींनी तेव्हा हातातली ताटली खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, आवाज न करता. मग आत निघून गेल्या आणि दार लावून घेतलं.

आजोबा उठले. त्यांनी टेबलावरून डबा उचलला, झाकण शोधून लावलं. जाताना ते सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्यात माझ्यासाठी. मी घरी जाऊन तिच्या फोटोला सांगितलं होतं."

७

मी त्याच संध्याकाळी लिहून दिलं. आमच्या साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सरळ प्रकरण नव्हतं म्हणायचं." मग स्वतः दवाखान्यात फोन करून शस्त्रक्रियेची मंजुरी कळवली. मी म्हटलंच होतं, माणूस वाईट नाही. सेक्रेटरींचं पुढे काय करायचं ते पोलीस बघतील, पितळी पाटी मात्र वॉचमनने कोणालाही न विचारता उतरवली.

शिट्टीला सगळं सांगायला मी आणि आजोबा गेलो. आजोबा दाराशीच घुटमळत होते. मी सांगत गेले, ती ऐकत गेली, एकदाही मध्ये बोलली नाही. बिस्किटांपाशी आल्यावर मात्र तिने विचारलं, "तुम्ही खाल्लंत? वाळूचं?"

"एक."

ती हसली, आणि हसताना हात हलले म्हणून कळवळली. मग तिने छताकडे पाहिलं.

"म्हणजे माझा कान चुकला नव्हता."

"नव्हता."

"बरं झालं." ती थांबली. मग हळूहळू तिचा चेहरा तांबडा झाला. "एवढ्या वाळूसकट बॅटरी पिशवीत ओतली त्याने. मी काय मागितलं होतं? खाली येऊन एक शब्द टाकायचा. 'बाई, यात हे आहे, जपून.' मी शिव्या दिल्या असत्या, हो, दिल्याच असत्या. पण घेतला असता मी तो. बाजूला ठेवला असता. कोणाला तरी दिला असता. एक शब्द, बाई. त्याला माझी कचकच नको होती म्हणून माझे हात गेले."

सून रडायला लागली. शिट्टी रडली नाही. आजोबा पुढे आले. त्यांनी नुसतं डोकं खाली घातलं.

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचे हात बरे आहेत ना?" ती म्हणाली. "मग हे गळ्यातलं घ्या. सूनबाई, गाठ सोड. आणि आजोबा, नीट ऐका. पिशवी अशी वर धरायची, कानाच्या बाजूला, आणि मनगटातून हलवायची, दंडातून नाही. ठक्क वाजलं तर परत. नुसतं सरसरलं तर गाठ सोडून आत बघायचं. कोणी तोंड वाकडं केलं तर मला सांगा."

त्यानंतर एका सकाळी मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. गाडीवर दुसरी बाई होती, आणि फाटकाशी आजोबा उभे होते, गळ्यात शिट्टी. त्यांच्या पायाशी निळा डबा होता, झाकण बाजूला ठेवलेला, नव्या पांढऱ्या वाळूने भरलेला. तळमजल्यावरचा मोबाईल डॉक्टर त्यात एक फुगलेला फोन ठेवत होता, आणि दुसऱ्या हाताने लाल पेटीवरचा क्रमांक लावत होता.

सेक्रेटरी आपली पिशवी घेऊन आले. आजोबांनी ती कानाशी धरली, मनगटातून हलवली. आत ठक्क वाजलं, आणि त्यांनी ती सगळ्यांसमोर त्यांच्या हातात परत दिली.